यंत्राला न कळणारी चूक

कलकत्त्याच्या पूर्वेकडील सियालदह हे स्थानक महाराष्ट्रातील प्रवाशास फारसे परिचित नसते. मुंबईहून किंवा नागपूरहून निघालेल्या आपल्या नेहमीच्या गाड्या हुगळीच्या पश्चिम तीरावर, हावड्यास थांबतात. सियालदह गाठावयाचे तर नदी ओलांडून सारे शहर पार करावे लागते. तरीही या जागेशी मराठी माणसाचा एक जुना आणि काहीसा अवघड संबंध आहे. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून आल्या, तेव्हा १७४२ साली कलकत्त्याच्या रहिवाशांनी शहराभोवती एक खंदक खणावयास घेतला. तो पुरा झालाच नाही आणि त्याची गरजही पडली नाही. पण 'मराठा खंदक' हे नाव मात्र त्याला चिकटले. १७९९ साली तो बहुतांशी बुजवून त्यावर सर्क्युलर रोड बांधण्यात आला. याच रस्त्याच्या कडेला सियालदहचे स्थानक उभे आहे. १८६२ साली येथून पूर्व बंगालकडे आगगाड्या धावू लागल्या, आणि १९४७ नंतर त्याच रुळांवरून निर्वासितांचे लोंढे येऊन या फलाटांवर विसावले.

हा इतिहास पुष्कळांस ठाऊक असतो. याच स्थानकातून निघणाऱ्या लोहमार्गांवर आणखी एका इतिहासाची दोन गावे आहेत, तिकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. उत्तरेकडे दानकुनीच्या वाटेवर बरानगर लागते. तेथे प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३१ साली स्थापन केलेली भारतीय सांख्यिकी संस्था आहे. दक्षिणेच्या मार्गावर जादवपूर लागते. तेथे जादवपूर विद्यापीठ आहे. आपल्या देशात गणकयंत्राला, म्हणजे आज आपण ज्याला संगणक म्हणतो त्याला, कामाच्या आज्ञा लिहून देण्याची विद्या ज्या मोजक्या ठिकाणी रुजली, त्यांत या दोन गावांची गणना करावी लागेल. त्या विद्येबरोबर तिची सावलीही आली. आज्ञा लिहिणारा चुकतो, आणि मग त्याला आपली चूक शोधावी लागते. श्रोतेहो, आज मला बोलावयाचे आहे ते यंत्राच्या पराक्रमांविषयी नव्हे, तर या चुकांच्या शोधाविषयी.

बरानगरच्या संस्थेने १९५५-५६ साली इंग्लंडहून एचईसी-टूएम नावाचे गणकयंत्र आणून चालू केले. भारतात कामास लागलेले अंकीय पद्धतीचे हे पहिले गणकयंत्र होय. त्याचा आकार एखाद्या लहान खोलीएवढा. पण त्याची स्मरणशक्ती म्हणजे एका फिरत्या चुंबकीय नळकांड्यावर मावणाऱ्या हजारभर संख्या, एवढीच. आज एखाद्या मुलाच्या खिशातील दूरध्वनीत याच्या कोट्यवधी पट साठा असतो. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्याच्या जोडीला सोव्हिएत रशियाचे उराल नावाचे यंत्र आले.

या यंत्रांना मनुष्याची भाषा कळत नसे. 'ही संख्या घे, तीत ती मिळव, उत्तर अमुक घरात ठेव,' ही साधी आज्ञासुद्धा आकड्यांतच लिहावी लागे. कृतीला एक आकडा, घराला दुसरा आकडा. अशा शेकडो आज्ञांची मालिका म्हणजे आज्ञावली. इंग्रजी वळणाचा 'प्रोग्रॅम' हा शब्दही आता मराठीत रुळला आहे. ती मालिका पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर भोके पाडून यंत्राला द्यावयाची. आता कल्पना करा, बेरीज ठेवावयाचे घर सत्त्याऐंशी क्रमांकाचे, आणि लिहिणाऱ्याच्या हातून अठ्ठ्याहत्तर लिहिले गेले. यंत्र कुरकुर करीत नाही. अठ्ठ्याहत्तराव्या घरातील मजकूर पुसून ते तेथे बेरीज ठेवते आणि पुढे चालू लागते. त्या घरात एखादी आज्ञाच असली, तर थोड्या वेळाने यंत्र त्या बेरजेलाच आज्ञा समजते आणि मग काय करील याचा नेम उरत नाही. चूक एका ठिकाणी, तिचा परिणाम दुसऱ्याच ठिकाणी. दुखते डोके आणि बिघाड पोटात, तसाच हा प्रकार.

ही अडचण केवळ आपल्याकडची नव्हती. केंब्रिज विद्यापीठात एडसॅक नावाच्या यंत्राने मे १९४९ मध्ये आपले पहिले काम केले. ते उभारणारे मॉरिस विल्क्स यांनी पुढे आपल्या आठवणींत नमूद केले आहे की, आपल्या उरलेल्या आयुष्याचा बराचसा भाग आपल्याच आज्ञावलींतील चुका हुडकण्यात जाणार, ही जाणीव त्या काळात आपणांस एकाएकी झाली. यंत्र तयार झाले की आज्ञा लिहिणे सोपेच, अशी तोवर सर्वांची समजूत होती. ती इतक्या लवकर मोडली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

१९५१ साली केंब्रिजच्याच स्टॅन्ली गिल यांनी एडसॅकवरील चुकांच्या निदानाविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात वैद्यकातून घेतलेला 'निदान' हाच शब्द आहे. त्या काळी दोन उपाय प्रचारात आले. पहिला शवचिकित्सेचा: आज्ञावली बंद पडली की त्या क्षणी यंत्राच्या कोणत्या घरात काय होते, ते सारे छापून काढावयाचे आणि मृत्यूचे कारण शोधावयाचे. दुसरा नाडीपरीक्षेचा: यंत्र प्रत्येक आज्ञा पाळीत असता, त्याने आता काय केले हे छापवून घेत एकेक पाऊल पाहावयाचे. आज कोणत्याही संगणकावर चूक शोधण्याची जी साधने मिळतात, ती मुळात या दोन उपायांचीच अपत्ये आहेत.

त्याआधी, १९४९ च्या उन्हाळ्यात, केंब्रिजच्याच एका परिषदेत ॲलन ट्युरिंग यांनी एक छोटासा निबंध वाचला होता. मोठी बेरीज दुसऱ्याने तपासावयाची असेल, तर केवळ उत्तर देऊन भागत नाही. प्रत्येक रकान्याचा हातचा लिहून दिला, तर तपासणी तुकड्यातुकड्यांनी करता येते. आज्ञावलीतही तसेच करावे, मधल्या मधल्या टप्प्यांवर 'येथे अमुक गोष्ट खरी असली पाहिजे' असे लिहून ठेवावे, असे त्यांचे सांगणे होते. शाळेत हातचा न लिहिल्याबद्दल ज्यांनी गुरुजींची छडी खाल्ली असेल, त्यांना या सल्ल्याचे मर्म चटकन कळेल.

अशा चुकीला इंग्रजीत किडा या अर्थाचा 'बग' हा शब्द आहे. हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क-टू यंत्रात ९ सप्टेंबर १९४७ रोजी एक पतंग सापडला आणि तेव्हापासून हा शब्द निघाला, अशी कथा सांगतात. पतंग सापडला हे खरे. तो नोंदवहीत चिकटवूनही ठेवला आहे. परंतु शब्द त्याहून जुना. यंत्रातील दोषांसाठी थॉमस एडिसन यांनी तो १८७८ सालच्या एका पत्रात वापरलेला आढळतो. त्या नोंदवहीतील शेऱ्याचा विनोद हाच की, ज्याला आपण इतके दिवस नुसते नावाने किडा म्हणत होतो, तो आज खरोखरच हाती लागला.

आता या इतिहासाला वळण देणाऱ्या गोष्टीकडे येऊ. मनुष्याला आकड्यांत बोलावे लागते म्हणून तो चुकतो. तर मग त्याने आपल्या भाषेच्या जवळपास काहीतरी लिहावे आणि त्याचे यंत्राच्या आकड्यांत भाषांतर यंत्रानेच करावे, ही कल्पना पुढे आली. अशा भाषांतर करणाऱ्या आज्ञावलीला कंपायलर म्हणतात. संकलक असा प्रतिशब्दही मराठीत योजिला जातो. अमेरिकेत ग्रेस हॉपर यांनी १९५२ साली या दिशेने पाऊल टाकले आणि १९५७ साली जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनी फोरट्रान ही भाषा व तिचा कंपायलर सिद्ध केला. सूत्र जसे वहीत लिहावे, जवळजवळ तसेच आता यंत्राला लिहून देता येऊ लागले.

भारतातही ही स्थित्यंतरे झपाट्याने घडली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली स्वदेशी बांधणीचे यंत्र १९६० साली कामास लागले. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्याच्या स्मृतीत दोन हजार अठ्ठेचाळीस घरे होती. पुढे १९६३ साली कानपूरच्या तंत्रज्ञान संस्थेत आयबीएम १६२० आणि १९६४ साली मुंबईत सीडीसी ३६०० ही यंत्रे आली, आणि फोरट्रान शिकणाऱ्यांची पहिली पिढी देशात तयार होऊ लागली. कलकत्त्यात बरानगर आणि जादवपूर यांनी मिळून ट्रान्झिस्टरांवर चालणारे यंत्र बांधले. ते १९६६ साली चालू झाले. त्याचे नाव 'इसिजू' म्हणजे दोन संस्थांच्या इंग्रजी आद्याक्षरांची जोडणी. सियालदहच्या उत्तरेकडील संस्था आणि दक्षिणेकडील विद्यापीठ अशा रीतीने एका यंत्राच्या नावात एकत्र नांदू लागली.

त्या काळचा विद्यार्थी आपल्या आज्ञा पत्त्यांवर टोचून घेई, एका पत्त्यावर एक ओळ, आणि तो गठ्ठा यंत्रखोलीच्या खिडकीत देई. सर्वांचे गठ्ठे एकापाठोपाठ एक चालत. काही तासांनी, पुष्कळदा दुसऱ्या दिवशी, छापील कागद हाती येई. त्यावर उत्तराऐवजी कंपायलरची तक्रार असे: अमुक ओळीत कंस उघडला आहे, मिटलेला नाही. एका कंसासाठी एक दिवस गेला! म्हणून तो विद्यार्थी गठ्ठा देण्यापूर्वी आपली आज्ञावली दोनदा वाची, मित्राला वाचावयास देई, यंत्राच्या जागी स्वतःस कल्पून पेन्सिलीने एकेक ओळ चालवून पाही. यंत्राचा वेळ महाग होता आणि माणसाचा स्वस्त, म्हणून ही सवय लागली. पुढे हे गणित उलटले, यंत्र स्वस्त झाले. परंतु पेन्सिलीने वाचण्याच्या सवयीला पर्याय सापडल्याचे दिसत नाही.

कंपायलरच्या तक्रारी वाचण्याचीही एक रीत आहे, आणि ती त्या पिढीने अनुभवाने बसविली. एका न मिटलेल्या कंसामुळे पुढचे सारे वाक्य कंपायलरला निराळे दिसू लागते, आणि तो एका चुकीच्या जागी वीस चुका मोजून दाखवितो. नवशिका ती यादी पाहून हबकतो आणि शेवटापासून दुरुस्त्या करू लागतो. जाणता पहिलीच तक्रार घेतो, ती दूर करतो आणि आज्ञावली पुन्हा कंपायलरपुढे ठेवतो. उरलेल्या एकोणीसांपैकी बहुतेक आपोआप मावळतात. शिवाय तक्रार ज्या ओळीची असते, चूक तिच्या आधीच्या ओळीतही असू शकते. कारण वाक्य बिघडले हे कंपायलरला पुढे गेल्यावरच कळते. 

येथवर कंपायलर हा मोठा उपकारकर्ता ठरतो. व्याकरणाच्या चुका तो न थकता पकडतो. परंतु व्याकरण शुद्ध आणि अर्थ अनर्थ, अशीही वाक्ये असतात. याचे उदाहरण मराठी माणसास परदेशातून आणावयास नको. नारायणराव पेशव्यांचा वध ३० ऑगस्ट १७७३ रोजी झाला. गारद्यांना दिलेल्या पत्रात 'धरावे' होते, तेथे कोणी 'ध'चा 'मा' केला आणि 'मारावे' झाले, अशी आख्यायिका आहे. ती कितपत विश्वसनीय, हा प्रश्न इतिहाससंशोधकांनी पाहावा. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की, 'धरावे' हेही शुद्ध मराठी आणि 'मारावे' हेही शुद्ध मराठी. जगातला कोणताही वैयाकरण त्या पत्रावर बोट ठेवू शकला नसता. पाठविणाऱ्याच्या मनात काय होते, हे ज्याला माहीत असेल, त्यालाच ती चूक दिसणार.

फोरट्रानमध्ये याचे जणू प्रतिबिंब आढळते. 'एकापासून दहापर्यंत ही कृती पुन्हा पुन्हा कर,' अशी आज्ञा लिहिताना एक आणि दहा यांच्यामध्ये स्वल्पविराम द्यावयाचा असतो. त्या जागी चुकून टिंब पडले तर काय होते? ती भाषा मोकळ्या जागा जमेस धरीत नसे, आणि नव्या नावाची आगाऊ नोंद करण्याची सक्तीही तीत नव्हती. म्हणून आज्ञेचे शब्द एकत्र जोडून कंपायलर त्यांचे एक नवेच नाव बनवी आणि त्या नावाची किंमत एक दशांश दहा आहे, असे समजून पुढे जाई. तक्रार नाही, थांबणे नाही. कृती मात्र दहा वेळांऐवजी एकदाच. शुक्राकडे निघालेले अमेरिकेचे मरीनर-१ हे यान २२ जुलै १९६२ रोजी उड्डाणानंतर पाच मिनिटांच्या आत नष्ट करावे लागले, ते याच टिंबामुळे, असे पुष्कळ पुस्तकांत वाचावयास मिळते. ते बरोबर नाही. तेथे मार्गदर्शनाच्या सूत्रातील एका अक्षरावरची आडवी रेघ नकलताना गळली होती, आणि त्याच वेळी यानाच्या संदेशयंत्रणेतही बिघाड झाला होता. पण टिंब काय आणि रेघ काय, जातकुळी एकच: लिहिलेले व्याकरणास मान्य, पण मनातील हेतूस सोडून.

नित्याच्या व्यवहारातील आणखी एक उदाहरण पाहू. लहान मुलाचे भाडे निम्मे, असा नियम आज्ञावलीत लिहावयाचा आहे. लिहिणारा सहज लिहितो, 'एक भागिले दोन, गुणिले पूर्ण भाडे.' फोरट्रान काय किंवा पुढे १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनी सिद्ध केलेली सी भाषा काय, दोन पूर्ण अंकांचा भागाकार या भाषा पूर्ण अंकातच देतात आणि अपूर्णांक टाकून देतात. एक भागिले दोन म्हणजे शून्य. शून्य गुणिले भाडे म्हणजे शून्य. मूल फुकट प्रवास करते आणि कंपायलर समाधानी असतो. सी भाषेत आणखी एक सापळा आहे. 'हे त्याच्या बरोबर आहे काय?' असे विचारावयास बरोबरीची दोन चिन्हे लागतात, आणि 'हे त्याच्या बरोबर कर' असे सांगावयास एक. एक चिन्ह गळले की प्रश्नाची आज्ञा होते. अशा संशयास्पद जागा निवडून दाखविणारे एक निराळे साधन बेल प्रयोगशाळेतील स्टीफन जॉन्सन यांनी तयार केले. त्याचे नाव 'लिंट', म्हणजे कापडावर चिकटणारी बारीक लव. पुढे कंपायलर स्वतःच असे इशारे देऊ लागले. नुसती तक्रार असते तेव्हा काम अडते, म्हणून मनुष्य ती वाचतो. इशारा असतो तेव्हा काम अडत नाही. म्हणून तो इशारा न वाचताच पुढे जातो. सरकारी कचेरीत 'माहितीस्तव' म्हणून येणाऱ्या कागदांचे जे होते, तेच येथे होते.

आता पुन्हा रेल्वेकडे वळू. कारण या भाषांचा आणि सामान्य माणसाचा सर्वांत मोठा संबंध तिकिटाच्या खिडकीवरच आला. १९८५ साली दिल्लीस रेल्वे आरक्षणाचे काम संगणकावर सुरू झाले. 'इम्प्रेस' नावाची ती आज्ञावली फोरट्रानमध्ये लिहिलेली होती. पुढील काही वर्षांत मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि सिकंदराबाद येथेही ही सोय झाली. पण प्रत्येक ठिकाणचे यंत्र स्वतंत्र. त्यानंतर 'कॉन्सर्ट' ही सी आणि फोरट्रान या भाषांतील नवी आज्ञावली १९९४ साली सिकंदराबादेस चालू झाली आणि १९९९ साली पाचही केंद्रे परस्परांशी जोडली गेली. सियालदहच्या खिडकीवर उभे राहून मुंबईहून सुटणाऱ्या गाडीतील जागा तत्काळ मिळणे शक्य झाले, ते त्यामुळे.

त्यापूर्वी आरक्षण वहीत होत असे. गाडीची वही एक, आणि ती एका वेळी एकाच कारकुनाच्या हातात. एकच जागा दोघांस दिली जाऊ नये, असा नियम कोणी निराळा लिहून ठेवला नव्हता. वही एक असल्यामुळे तो आपोआप पाळला जाई. संगणकावर तीच वही एका क्षणी शेकडो कारकुनांच्या हातांत असते. दोघे एकाच वेळी विचारतात, 'बारावी जागा रिकामी आहे काय?' दोघांसही उत्तर मिळते, 'आहे.' दोघेही ती विकतात. म्हणून एकाचा व्यवहार पुरा होईपर्यंत ती जागा इतरांस बंद ठेवावी आणि मध्येच तार तुटली तर सारा व्यवहारच झाला नाही असे मानावे, हे आज्ञावलीत स्पष्ट लिहावे लागते. ते लिहावयाचे राहिले तर कंपायलर सांगणार नाही. चाचणी घेणाऱ्या एकट्या माणसासही ही चूक दिसणार नाही; ती दिसेल ती पूजेच्या सुट्टीच्या गर्दीत.

दुसरे उदाहरण मध्यरात्रीचे. दार्जिलिंग मेल रात्री दहाच्या सुमारास सियालदह सोडते आणि मध्यरात्रीनंतर कधीतरी मालद्यास पोहोचते. सियालदहच्या प्रवाशाची तारीख एक, मालद्याच्या प्रवाशाची दुसरी. गाडी मात्र तीच आणि जागाही त्याच. वहीवरचा जुना कारकून हे न सांगता जाणत असे. यंत्रास मात्र प्रत्येक स्थानकापुढे 'हा कितवा दिवस' हे लिहून द्यावे लागते.

या दोन्ही उदाहरणांतून एकच गोष्ट निघते, आणि नियम व परिपत्रके यांच्या सहवासात ज्याची वर्षे गेली आहेत, त्यास ती विशेष जाणवते. आपले कोणतेही परिपत्रक कधीच पूर्ण नसते. त्यात ज्या जागा मोकळ्या राहतात, त्या खालचा कारकून आपल्या समजुतीने भरून काढतो आणि कारभार चालतो. यंत्रापाशी ही समजूत नाही. ते लिहिलेले तेवढेच करते, आणि म्हणून आपण काय लिहावयाचे विसरलो होतो, हे प्रथमच उघडे पडते. आज्ञावलीतील पुष्कळशा चुका या मुळात आपल्या नियमांतील जुन्या पोकळ्याच असतात. माणसे त्या इतके दिवस झाकीत होती.

आणि यात खरे संकट आहे ते खिडकीबाहेर उभ्या असलेल्या माणसाचे. आजारी आईस घेऊन कलकत्त्याच्या इस्पितळात निघालेल्या माणसाच्या तिकिटात घोटाळा झाला, तर आत बसलेला कारकून म्हणतो, 'संगणकात तसेच दिसते आहे.' वहीच्या काळात चूक कोणाची, हे अक्षरावरून ओळखता येई. आता ती कोणाचीच नाही, असा भास होतो. वस्तुतः ती पूर्वीइतकीच मनुष्याची असते. फक्त तो मनुष्य खिडकीपासून पुष्कळ दूर बसलेला असतो. म्हणून चुकीचा शोध ही केवळ तंत्रज्ञाची बाब नाही. तक्रार ऐकून घेणारा, ती नीट लिहून घेणारा आणि ती त्या दूरच्या माणसापर्यंत पोहोचविणारा असे सारे या शोधात सहभागी असतात. 'तिकीट चुकले' एवढीच नोंद निरुपयोगी. कोणती गाडी, कोणती तारीख, कोणते स्थानक, खिडकीवर किती वाजता, काय मागितले आणि काय मिळाले, हे लिहिले गेले, तर अर्धा शोध तेथेच संपतो.

उरलेल्या अर्ध्या शोधाची रीत गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत फारशी बदललेली नाही. पहिली गोष्ट, चूक पुन्हा घडवून आणता आली पाहिजे. जी पुन्हा घडत नाही, तिची परीक्षा करता येत नाही. दुसरी गोष्ट, क्षेत्र निम्मे करीत जावे. तारेच्या खांबांवरची तार कोठे तुटली हे शोधणारा लाइनमन प्रत्येक खांबावर चढत नाही. तो मध्यावर जाऊन पाहतो, संदेश येथपर्यंत येतो की नाही. येत असेल तर बिघाड पुढे, नसेल तर मागे. हजार ओळींची आज्ञावली असली तरी, प्रत्येक वेळी निम्मा भाग वगळता आला, तर दहा वेळा मध्य गाठला की एक ओळ उरते. तिसरी गोष्ट, एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम केले आणि दोष गेला, तर कोणत्या बदलाने गेला हे कळत नाही, आणि जे कळले नाही ते परत येते. चौथी गोष्ट, सापडलेली चूक लिहून ठेवावी. हार्वर्डच्या मंडळींनी पतंग फेकून दिला असता, तर त्याची आठवण कोणास राहिली असती?

एवढे करूनही सर्व चुका संपल्या, असे कोणी म्हणू नये. डच गणिती एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६९ साली बजावले होते की, चाचणीने चुका आहेत हे दाखविता येते, त्या नाहीत हे कधीच दाखविता येत नाही. आजचे कंपायलर बॅकस यांच्या कंपायलरपेक्षा कितीतरी अधिक गोष्टी तपासतात. न नोंदविलेली नावे ते पकडतात. काही नव्या भाषांत तर दोन हातांनी एकच वही एकाच वेळी लिहिण्याचे पुष्कळ प्रकारही भाषांतराच्या वेळीच अडविले जातात. मनुष्याच्या साध्या बोलण्यावरून आज्ञावली रचून देणारी यंत्रेही आता आली आहेत. ही सारी प्रगती स्वागतार्ह आहे. पण या सर्वांची मर्यादा बरानगरच्या त्या पहिल्या यंत्राचीच आहे. 'धरावे' म्हणावयाचे होते की 'मारावे', हे पत्र लिहिणाऱ्याच्या मनात असते, पत्रात नसते.

म्हणूनच चूक शोधावयास बसणाऱ्याने स्वतःस तीन प्रश्न विचारावेत, अशी जुन्या जाणत्यांची रीत आहे: मला काय व्हावयास हवे होते, मी प्रत्यक्षात काय लिहिले, आणि झाले काय? दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नांची उत्तरे यंत्र अचूक देते. पहिल्याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावयाचे असते, आणि ते आज्ञा लिहिण्यापूर्वीच स्वच्छ अक्षरात लिहून ठेवलेले असले, तर पुढचे पुष्कळसे शोधकार्य वाचते.